खलनायक नसलेल्या प्रेमकथा

रात्रीची जेवणे आटोपतात, ईशाची नमाज होते आणि घरातली मंडळी टीव्हीपुढे बसतात. चित्रपट सुरू होतो. दहा-पंधरा मिनिटे बरी जातात आणि मग पडद्यावर असे काही येते की अब्बा वर्तमानपत्र उघडतात, अम्मी पाणी आणायला उठतात आणि रिमोट ज्याच्या हातात असेल त्याची धांदल उडते. कुणी काही बोलत नाही. असे चार-पाच वेळा झाले की एकत्र पाहणेच बंद पडते. मुले आपापल्या मोबाइलवर जातात, मोठी माणसे बातम्यांवर. आता कोण काय पाहते, हे कुणालाच ठाऊक नसते.

काही घरांत चित्रपट पाहिलेच जात नाहीत. त्या निर्णयाचा आदर ठेवूनच हा लेख लिहिला आहे. पण ज्या घरांत पाहिले जातात, आणि अशी घरे थोडी नाहीत, त्यांना एक जुनी वाट दाखवावीशी वाटते. पन्नासएक वर्षांपूर्वी हिंदीत काही साध्या, हसऱ्या प्रेमकथा निघाल्या. त्यांत मारामारी नव्हती, परदेशातल्या बर्फात नाच नव्हता आणि बहुतेकींत खलनायकही नव्हता. एक मुलगा, एक मुलगी, दोन घरे आणि मधे एखादी लहानशी अडचण, एवढ्यावर अडीच तास निघत. आजी, आई आणि नात तिघींनी शेजारी बसून पाहावे आणि तिघींनी वेगवेगळ्या जागी हसावे, असे हे चित्रपट. हसून झाल्यावर ते घरातल्या एका अवघड विषयावर बोलायची सोयही करून देतात. तो विषय म्हणजे मुलामुलींचे लग्न.

बसथांबा आणि ‘शोले’

१९७५ साल हिंदी चित्रपटसृष्टीत ‘दीवार’ आणि ‘शोले’चे म्हणून ओळखले जाते. दोन्ही सलीम-जावेद यांनी लिहिलेले. संतापलेला नायक, बंदूक, सूड आणि खणखणीत संवाद यांचा तो काळ. त्याच वर्षी हृषिकेश मुखर्जी यांचा ‘चुपके चुपके’ आला. त्यात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक बायकोच्या मेहुण्याची गंमत करायला त्याच्याच घरी ड्रायव्हर बनून जातो. ‘शोले’तले धर्मेंद्र, अमिताभ बच्चन आणि जया भादुरी याही चित्रपटात आहेत. फक्त इथे गोळी सुटत नाही, भाषेवरून विनोद सुटतात.

१९७६ च्या सुरुवातीला बासू चटर्जी यांचा ‘छोटी सी बात’ आला. कथा सांगायला दोन वाक्ये पुरतात. अरुण नावाचा बुजरा कारकून रोज बसथांब्यावर प्रभाला पाहतो, पण तोंडातून शब्द फुटत नाही. स्कूटरवाला नागेश मधे येतो, तेव्हा अरुण धीर मिळवण्यासाठी खंडाळ्याच्या एका कर्नलसाहेबांकडे शिकवणी घेतो. मूळ कल्पना १९६० च्या ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या इंग्रजी चित्रपटातली. पण पडद्यावर जे उभे राहिले ते अस्सल मुंबईचे आहे. बेस्टची बस, रांग, कार्यालयातली जेवणाची सुट्टी, भाड्याची खोली, जहांगीर कलादालनातले ‘समोवार’ उपाहारगृह. ‘समोवार’ २०१५ साली बंद झाले, पण त्या चित्रपटात आजही त्याच्या खुर्च्यांवर माणसे बसलेली आहेत.

बासू चटर्जी चित्रपटांत येण्यापूर्वी ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकात अनेक वर्षे व्यंगचित्रे काढत. व्यंगचित्रकाराला मोठा पट लागत नाही. माणसाची एखादी लकब सापडली की काम होते. अरुण प्रभाच्या मागून चालताना मनातल्या मनात भाषणे करतो आणि समोर आली की घड्याळ पाहतो. एवढ्या एका लकबीवर अमोल पालेकर यांनी संपूर्ण माणूस उभा केला. पालेकर जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले चित्रकार, मराठी रंगभूमीवरचे नट, आणि एकेकाळी बँकेत नोकरी करणारे. कारकून कसा बसतो, कसा उठतो, साहेबांसमोर त्याचे खांदे कसे होतात, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

या परंपरेची मुळे आणखी मागे जातात. गुरुदत्त यांचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ हा १९५५ चा. लेखक अबरार अल्वी, गीतकार मजरूह सुलतानपुरी, नायिका मधुबाला. त्यातला जॉनी वॉकर, म्हणजे बद्रुद्दीन काझी, हा इंदूरचा मुलगा पडद्यावर येण्यापूर्वी मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होता. प्रवाशांना हसवत तिकिटे फाडणारा हा माणूस पुढे सगळ्या देशाला हसवू लागला. त्या चित्रपटात घटस्फोटाचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांची केलेली टिंगल आज खटकते आणि खटकायलाच हवी. पण त्यातले हसणे-रुसणे, शब्दांची टोलेबाजी आणि संकोच पुढच्या पिढीने उचलला.

अडचण लहान, जीव मोठा

हे चित्रपट कसे चालतात? पहिली गोष्ट म्हणजे त्यांतली अडचण बाहेरून येत नाही, माणसाच्या स्वभावातून येते. अरुणचा शत्रू नागेश नाही, त्याचा स्वतःचा भिडस्तपणा आहे. ‘गोलमाल’मध्ये (१९७९) नोकरीसाठी रामप्रसादला एक लहानसे खोटे बोलावे लागते, कारण मालक भवानीशंकर यांना मिशी नसलेला माणूस माणूसच वाटत नाही. खेळांचा शौकीन रामप्रसाद सुट्टी घेऊन हॉकीचा सामना पाहताना पकडला जातो. मग बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला घालावा लागतो, आणि एका खोट्यापायी दहा खोटी. चित्रपट हसवतो खरा, पण खोटे बोलण्याचा खर्च किती येतो त्याचा हिशोबही मांडतो. त्याचे संवाद राही मासूम रझा यांचे. ‘आधा गाँव’ ही कादंबरी आणि पुढे दूरदर्शनवरच्या ‘महाभारत’चे संवाद लिहिणारे हेच ते रझा. या भूमिकेसाठी पालेकर यांना फिल्मफेअरचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. अमिताभच्या भरात असलेल्या काळात मिशी लावणाऱ्या-काढणाऱ्या कारकुनाने तो पटकावला, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरी गोष्ट, पैसा. या चित्रपटांत प्रत्येकाला पगार आहे आणि तो पुरत नाही. पात्रांच्या बोलण्यात बढती येते, उधारी येते, घरभाडे येते. प्रेम करणाऱ्याला उद्या कामावर जायचे असते. त्यामुळे एक फूल, एक छत्री, हॉटेलातला एक चहा यांना किंमत येते.

तिसरी गोष्ट, लिहाज. अंतर राखून बोलणे, मोठ्यांसमोर आवाज खाली ठेवणे, मनातले सांगायला वेळ घेणे. ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’मध्ये बरीच गाणी नायक-नायिकेच्या तोंडी नाहीतच. ती पार्श्वभूमीला वाजतात आणि माणसे आपापल्या रस्त्याने चालत राहतात. आपल्याकडे हया म्हणजे केवळ मुलीने नजर खाली ठेवणे असा अर्थ करून ठेवला आहे. या चित्रपटांत हया मुलाच्याही अंगी आहे, आणि तीच त्याला देखणा करते. घरातल्या वाढत्या वयाच्या मुलाने हे पाहावे. अंगावर धावून जाणारा, हात धरून ओढणारा नायक त्याने पुष्कळ पाहिला आहे. समोरच्या मुलीचा ‘नाही’ ऐकून घ्यायची तयारी असलेला नायक त्याला क्वचितच भेटतो.

मुलीचे मन कुणी विचारले?

‘रजनीगंधा’ (१९७४) मन्नू भंडारी यांच्या ‘यही सच है’ या कथेवर बेतलेला आहे. दिल्लीत पीएचडी करणारी दीपा आणि तिचा संजय. संजय भेटीला हमखास उशिरा येतो, आल्यावर कार्यालयातले राजकारण आणि आपली बढती यांवर बोलत राहतो, पण निशिगंधाची फुले आणायला विसरत नाही. मुलाखतीसाठी दीपा मुंबईला जाते. तिथे जुना परिचित नवीन भेटतो. वेळेवर येणारा, तिच्या साडीचा रंग लक्षात ठेवणारा, तिच्या नोकरीसाठी धावपळ करणारा. दीपाचे मन हेलकावते. चित्रपटात फारसे ‘घडत’ नाही, पण सगळा वेळ आपण एका मुलीच्या मनात बसलेले असतो. ती चंचल आहे, वाईट आहे, असे चित्रपट एकदाही म्हणत नाही. ती विचार करते आहे, एवढेच म्हणतो. विद्या सिन्हा यांचा चेहरा हे सगळे न बोलता सांगतो. या चित्रपटातील गाण्यासाठी मुकेश यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि चित्रपटाला फिल्मफेअरचा सर्वोत्तम चित्रपटाचा.

‘चितचोर’ (१९७६) मध्ये हाच प्रश्न गावातल्या घरात येतो. शहरातून इंजिनियर येणार, मुलीसाठी चांगले स्थळ आहे, असे थोरल्या मुलीचे पत्र येते. स्टेशनवरून जो तरुण घरी येतो त्याचे थाटात स्वागत होते. जेवण, गप्पा, गाणे. गीताचे मन जुळते. मग कळते की हा तो नव्हेच. खरा इंजिनियर मागाहून येणार आहे, हा त्याच्या हाताखालचा. एका दिवसात घराचा सूर बदलतो. कालपर्यंत जो ‘घरचाच’ होता तो परका होतो, आणि गीताला सांगितले जाते की आता मन दुसरीकडे वळव. जणू मन म्हणजे नळाचे पाणी.

हा प्रसंग पाहून आपल्या घरांतही काहींनी चुळबुळ करावी. ‘मुलगा दुबईला आहे’, ‘स्वतःचा फ्लॅट आहे’, ‘सरकारी नोकरी आहे’ या तीन वाक्यांवर आपल्याकडे किती बोलणी पक्की होतात! निकाह हा करार आहे, आणि मुलीच्या रजामंदीशिवाय तो होत नाही, हे आपण अभिमानाने इतरांना सांगतो. पण रजामंदी विचारायची ती केव्हा? वकील आणि गवाह दाराशी उभे असताना, हॉलचे भाडे भरलेले असताना, पाहुणे बिर्याणीच्या रांगेत असताना? त्या घडीला मुलगी ‘नाही’ म्हणू शकेल, असे आपल्यापैकी कितीजणांना वाटते? ‘चितचोर’चा हसरा गोंधळ नेमका यावर बोट ठेवतो. त्यातले मास्तर वडील, ए. के. हंगल यांनी केलेले, प्रतिष्ठेपेक्षा मुलीचा चेहरा वाचणारे आहेत. गीता झालेल्या झरीना वहाब यांची ती सुरुवातीची मोठी भूमिका. गाण्यासाठी येसुदास यांना याच चित्रपटाने राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला.

एका अफवेची गोष्ट

सई परांजपे यांचा ‘चश्मे बद्दूर’ १९८१ चा. नाव अस्सल फारसी, ‘वाईट नजर दूर राहो’. दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन मित्र. सिद्धार्थ अभ्यासू, ओमी आणि जोमो उनाड. दोघेही उनाड नेहा नावाच्या मुलीवर छाप पाडायला जातात आणि तोंडघशी पडून येतात. पण परत आल्यावर खरे सांगतील तर ते मित्र कसले! दोघेही आपापल्या ‘विजयाच्या’ मनगढंत कथा सांगतात. पुढे तीच नेहा धुण्याची पावडर विकायला दार वाजवते, दार सिद्धार्थ उघडतो, आणि त्या दोघांचे सूत जुळते. पावडरीचा फेस करून दाखवण्याचा तो प्रसंग हिंदी चित्रपटांतल्या सर्वांत निर्मळ प्रेमप्रसंगांपैकी एक आहे. दोन माणसे, एक बादली आणि एक मळका टॉवेल.

मग मित्रांचे खोटे आडवे येते. त्यांनी रंगवलेल्या कथा सिद्धार्थच्या कानात विष होतात. तो नेहाला काही विचारत नाही. तिच्याशी बोलणे सोडतो. आपण हसत-हसत इथवर येतो आणि मग हसू जरा अडकते. सगळी गोष्ट उभी आहे ती एका निर्दोष मुलीविषयी दोन पोरांनी उडवलेल्या अफवेवर. पाकदामन स्त्रीवर पुराव्याविना आळ घेणाऱ्यांना सूरह नूरमध्ये किती कठोर शब्दांत फटकारले आहे, हे वाचकांना सांगायला नको. तरी आपल्या मोहल्ल्यांत, आणि आता व्हॉट्सॲपवर, असे आळ किती सहज पुढे ढकलले जातात! एका मुलीचे नाते तुटायला एक स्क्रीनशॉट पुरतो, आणि तो खरा की बनावट हे विचारायला कुणी थांबत नाही. ‘चश्मे बद्दूर’ उपदेश करत नाही. तो फक्त दाखवतो की अफवा पसरवणारे हे कुणी राक्षस नव्हते. आपल्याच खोलीतले, आपल्याच ताटात जेवणारे, आपल्याला आवडणारे मित्र होते. शेवटी त्यांना पस्तावा होतो आणि केलेले निस्तरावे लागते. सिद्धार्थचा दोषही चित्रपट लपवत नाही. ऐकले, पण विचारले नाही.

२०१३ साली डेव्हिड धवन यांनी या चित्रपटाची नवी आवृत्ती काढली. त्याच दिवशी मूळ चित्रपटही पुन्हा स्वच्छ करून चित्रपटगृहांत लावला गेला. बत्तीस वर्षांपूर्वीचा चित्रपट नव्याच्या शेजारी उभा राहिला. नव्यात गोंगाट होता, जुन्यात निवांतपणा. ज्यांनी दोन्ही पाहिले त्यांना दोहोंतले अंतर समजावून सांगावे लागले नाही.

गोड बोलणारा आणि खरे बोलणारा

सई परांजपे यांचाच ‘कथा’ (१९८३) स. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावर आधारलेला आहे. मुंबईची चाळ, सामाईक गॅलरी, पाण्याची वेळ, एकमेकांच्या घरात डोकावणारे शेजारी. राजाराम हा बुटांच्या कंपनीतला सरळ कारकून, मनातल्या मनात शेजारच्या संध्यावर जीव लावून बसलेला. त्याच्याकडे मुक्कामाला येतो जुना मित्र बाशू. बोलण्यात साखर, खिशात काही नाही. पाहता-पाहता बाशू सगळ्या चाळीला खिशात घालतो. संध्याचे आईवडील हुरळून जातात. लग्न ठरते, आणि बाशू पसार होतो.

इथे एका ठिकाणी चित्रपट विनोद बाजूला ठेवतो. संध्या राजारामला आपल्याबाबत घडलेले स्पष्ट सांगते, काही न लपवता. आणि राजाराम तिला नाकारत नाही. तो मोठे भाषण करत नाही, उपकार केल्याचा आव आणत नाही. नसीरुद्दीन शाह आणि दीप्ती नवल यांचा हा प्रसंग पाहताना मोठ्या मुलामुलींसोबत आईवडिलांनी बसावे, असे मी म्हणेन. फसवला गेलेला माणूस आणि फसवणारा माणूस यांत गुन्हेगार कोण, हे आपल्या समाजात अजून उलटे मोजले जाते. शिक्षा मुलीला होते, बाशू दुसऱ्या गावात दुसरी चाळ शोधतो. ‘कथा’ला त्या वर्षीचा सर्वोत्तम हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

बाशूची भूमिका केली फारूक शेख यांनी. दोनच वर्षांपूर्वी ‘चश्मे बद्दूर’मधला सालस सिद्धार्थही तेच होते. तोच सभ्य चेहरा, तेच गोड हसू, आणि या वेळी आत पोकळ. सभ्य दिसणे आणि सभ्य असणे यांतला फरक एकाच माणसाच्या चेहऱ्यावर दाखवण्याची ही सई परांजपे यांची चतुराई होती.

फारूक शेख मूळचे गुजरातचे, पण वाढले आणि शिकले मुंबईत. वडील वकील होते, मुलानेही कायद्याचे शिक्षण घेतले. पहिला मोठा चित्रपट ‘गर्म हवा’ (१९७३), फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या मुस्लिम कुटुंबाचा. ‘गमन’मध्ये (१९७८) ते उत्तर प्रदेशातून मुंबईला येऊन टॅक्सी चालवणारे गुलाम हसन झाले. शबाना आझमी यांच्यासोबत ‘तुम्हारी अमृता’ हे केवळ पत्रे वाचण्याचे नाटक त्यांनी १९९२ पासून वीस वर्षांहून अधिक काळ केले. दोन खुर्च्या, कागदांची चळत आणि जुल्फिकार व अमृता यांचे आयुष्यभराचे नाते. त्याचा एक प्रयोग डिसेंबर २०१३ मध्ये ताजमहालच्या परिसरात झाला, आणि त्याच महिन्यात दुबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी बोलताना लोक अभिनयाआधी त्यांच्या तहजीबीची आठवण काढतात.

दुसरा संसार

बासू चटर्जी यांच्या ‘खट्टा मीठा’ (१९७८) ची वाट आणखी वेगळी. मुंबईचा पारशी विधुर होमी मिस्त्री, घरात वाढलेली मुले. त्याच समाजातल्या नर्गिस सेठना विधवा, त्यांचीही मुले. दोघे पुन्हा लग्न करायचे ठरवतात. अशोक कुमार आणि पर्ल पदमसी यांनी उतारवयातले हे नाते इतक्या सहजपणे रंगवले आहे की त्यात हसण्यासारखे असते ते फक्त मुलांचे रुसवे: न्हाणीघरापुढची रांग, झोपायच्या जागेची वाटणी, ‘तुमचे’ आणि ‘आमचे’.

आपल्याकडे विधवेच्या निकाहला धर्माची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती लोकांच्या डोळ्यांची. पंचेचाळीस वर्षांच्या विधवेने निकाह करायचे ठरवले तर सख्खी मुलेच म्हणतात, ‘लोक काय म्हणतील?’ पुरुषाने केला तर ‘घर सांभाळायला कुणीतरी हवेच होते’. ‘खट्टा मीठा’ हा भेद हसत-हसत उघडा पाडतो. ज्या घरात असा निर्णय तोंडावर आला आहे आणि कुणी बोलायला धजावत नाही, त्या घरात हा चित्रपट लावून पाहावा. पहिले वाक्य कुणाला तरी सुचेल.

जे आज पटत नाही

जुने ते सगळे सोने, असे म्हणून चालणार नाही. अरुण रोज प्रभाच्या मागोमाग चालतो. चित्रपटात प्रभाला ते ठाऊक आहे आणि तिला त्याची गंमत वाटते, म्हणून आपणही हसतो. पण रस्त्यावरच्या खऱ्या मुलीला अनोळखी पाठलागाची गंमत वाटत नाही, भीती वाटते. मुलांना हे स्पष्ट सांगावे. कर्नलसाहेबांच्या शिकवणीत आत्मविश्वास थोडा आणि डावपेच फार आहेत. दुसऱ्याला कमी दाखवून मोठे दिसणे म्हणजे धीर नव्हे. चित्रपटालाही ते कळते. शेवटी अरुणच्या कामी येते ते युक्तीशिवाय बोललेले खरे.

या नायिका नोकरी करतात, पीएचडी करतात, दारोदार जाऊन पावडर विकतात. तरी लग्नानंतर त्या नोकरीचे काय होते, हे चित्रपट क्वचितच सांगतात. गोष्ट लग्नापाशी थांबते. आपल्या मुलींचे प्रश्न तिथून पुढे सुरू होतात.

आमच्या घराची गोष्ट कुठे आहे?

आणखी एक गोष्ट मनात राहते. बासू चटर्जींनी पारशी घराची गोष्ट सांगितली, वांद्र्याच्या ख्रिस्ती घराची ‘बातों बातों में’ (१९७९) मधून सांगितली. सई परांजपेंनी मराठी चाळ दाखवली. या हसऱ्या, मध्यमवर्गीय प्रेमकथांच्या रांगेत मुस्लिम कारकुनाचे, शिक्षिकेचे, दुकानदाराचे घर मात्र शोधावे लागते. मुस्लिम पात्रांच्या प्रेमकथा होत्या. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३) आजही लोकांना प्रिय आहेत. पण त्या नवाबी हवेल्यांतल्या, बुरख्याआडच्या गैरसमजांच्या, शेरोशायरीच्या. बसची रांग त्यांत नव्हती. ‘चश्मे बद्दूर’मध्ये एक लल्लन मियाँ आहेत, पान-सिगारेटचे दुकानदार. उधारीच्या वहीवरून त्रिकुटाशी हुज्जत घालणारे आणि तरी त्यांच्यावर माया करणारे. सईद जाफरी यांनी त्यांना असे रंगवले आहे की चित्रपट संपल्यावर ते घरच्या माणसासारखे आठवतात. पण ते दुकानात आहेत. त्यांच्या घराचे दार कॅमेऱ्याने उघडले नाही.

गंमत अशी की हे चित्रपट घडवणाऱ्यांत मुस्लिम कलावंत जागोजागी आहेत. फारूक शेख सिद्धार्थ झाले, झरीना वहाब गीता झाल्या, नसीरुद्दीन शाह राजाराम झाले, राही मासूम रझांनी भवानीशंकरांना भाषा दिली. प्रेक्षकांनी त्यांना आपले मानले, कुणी नाव विचारले नाही. ती त्या काळाची चांगली खूण होती. पण दुसऱ्यांच्या घरात इतक्या सहज वावरणाऱ्या या मंडळींना स्वतःच्या घरातली एखादी हलकीफुलकी गोष्ट सांगायला मिळाली नाही, हेही खरे. मग पडद्यावर आपली ओळख दोनच टोकांना उरली. एकीकडे अत्तर-शेरवानी, दुसरीकडे दंगल आणि संशय. मधले साधे घर निसटले. जिथे सकाळी डबा भरला जातो, दुपारी मुलीच्या स्थळाचा फोन येतो, संध्याकाळी अब्बा वीजबिलावरून कुरकुरतात आणि दादी सगळ्यांवर हसते.

आणि ते घर आपल्याला ठाऊक आहे. रत्नागिरीत आहे, भिवंडीत आहे, मिरजेत, मालेगावात आणि औरंगाबादेत आहे. घरात दखनी किंवा कोकणी, बाहेर मराठी, शाळेत कधी उर्दू कधी मराठी, असे बोलणारे. त्या घरातला बुजरा मुलगा एसटीच्या थांब्यावर काय पुटपुटतो, बोलणी करायला आलेल्या फुफीच्या तोंडून चुकून काय निघून जाते, मिशीऐवजी दाढीवरून कुठल्या कार्यालयात कसला गोंधळ होतो, यात अडीच तासांचे हसू सहज आहे. आज चांगला मोबाइल हाती असलेली मुले लघुपट काढतात, मराठीत कथा लिहितात, एकांकिका स्पर्धांत उतरतात. आपल्या घरातल्या अशा मुलांना ‘हे काय नसते उद्योग’ म्हणण्यापूर्वी त्यांच्यापुढे हे जुने चित्रपट ठेवावेत. शरमेने मान खाली न घालता आणि कुणाला दुखावल्याशिवाय माणसांना हसवता येते, हे त्यांत दिसेल.

सुरुवात करायची असेल तर लहान मुले सोबत असताना ‘गोलमाल’ किंवा ‘चुपके चुपके’ घ्या. घरात कॉलेजला जाणारी मुले असतील तर ‘चश्मे बद्दूर’. मुलीसाठी बोलणी चालू असतील तर ‘चितचोर’, आणि मुलगी स्वतः विचारात पडली असेल तर ‘रजनीगंधा’. ‘कथा’ मोठ्यांनी आधी पाहावा, मग तरुणांसोबत. पाहून झाले की टीव्ही बंद करा आणि पाच मिनिटे बसून राहा. गीताच्या जागी तू असतीस तर काय म्हणाली असतीस, एवढेच मुलीला विचारा. ती उत्तर देईल. ते उत्तर पुढे निकाहच्या दिवशी ऐकण्यापेक्षा आज ऐकलेले बरे.